पहिलं रोप मनकर्णाबाईच्या हातचं

सरकारी दप्तरात मनकर्णाबाईचं नाव एकदाच आलं, आणि ते मीच लिहिलं. त्याच्याखाली तिचा अंगठा आहे. तो उठवताना तिचा हातही मीच धरला होता. आता माझी नोकरी संपली, डोक्यावरचे उरलेले केस पांढरे झाले. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, त्या काळचे ग्रामसेवक म्हणजे काय माणसं होती! मी ऐकून घेतो. काय माणसं होतो ते मला पक्कं माहीत आहे.

पंचावन्न साली मी बावीस वर्षांचा होतो. वर्धेकडच्या काळ्या मातीतला, कापूस आणि तूर एवढंच पाहिलेला. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, एक सायकल आणि एक पत्र्याची पेटी घेऊन मी सिंदेवाहीपासून चार कोसांवरच्या एका गावात दाखल झालो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तलावाच्या पाळीखाली शेसव्वाशे घरं, समोर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे जंगल. धानाचं रोप केवढं असतं हेही मला ठाऊक नव्हतं, आणि मी तिथल्या लोकांना शेती शिकवायला गेलो होतो!

राहायला शालिकरामने आपल्या ओसरीवरची खोली दिली. शालिकराम जातीने ढीवर. तलावात मासे धरायचा, दोन बांध्या धान पिकवायचा. घरात त्याची बायको कमळा, दोन मुली आणि त्याची थोरली विधवा बहीण मनकर्णा. वैनगंगेपलीकडे दिलेली होती. चार वर्षांत नवरा तापाने गेला, पोटी मूल नाही, सासरच्यांनी बैलगाडीत बसवून माहेरी पोचवून दिली. तेव्हापासून वीस वर्षं ती भावाकडे होती. सगळ्यांच्या मागून जेवायची. गावात हळद असली की घरात बसायची, बारसं असलं की मागच्या दाराने तलावावर निघून जायची. तिला कोणी ये म्हणत नसे आणि तीही कधी वाट पाहत नसे.

एका गोष्टीला मात्र तिच्याशिवाय गावाचं पान हलत नव्हतं. तिकडे प्रत्येक घरामागे भाजीपाल्याचा तुकडा असतो, त्याला सांदवाडी म्हणतात. पाऊस ओसरला, पोळा गेला, की सांदवाड्या उकरायला सुरुवात होते आणि नवरात्राच्या आगेमागे वांग्यांची, मिरचीची, भेदरांची रोपं लागतात. भेदरं म्हणजे टमाटे. तर प्रत्येक घरच्या सांदवाडीत पहिलं रोप लावायचं ते मनकर्णाबाईने. तिच्या हाताला गुण आहे, असं गाव मानत होतं. बोलवायला घरची मोठी बाई स्वतः यायची. मनकर्णाबाई आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून जायची, रोप लावून पाणी घालायची, आणि त्या घरची सून तिच्या पाया पडायची. ज्या बाया लग्नाच्या मांडवात तिची सावली चुकवायच्या, त्याच. मला तेव्हा याची मौज वाटली होती. मी तिला चेष्टेनं म्हणालोही, "बाई, तुमचा तर सरपंचापेक्षा थाट आहे."

ती म्हणाली, "बाबू, वर्षातले हे आठ दिवस माहे हायेत. बाकीचं वर्ष लोकायचं."

तिची स्वतःची सांदवाडी पाहायला तर मी पहिल्या वर्षी रोज जायचो. चपला बाहेर काढून आत जावं लागे, मीसुद्धा. वैशाखात तलाव आटला की ती गाळ डोक्यावर वाहून आणायची, पन्नास-साठ टोपल्या. तो उन्हात तडकला की फोडायची आणि कुजलेल्या शेणात मिसळायची. माशांची खवलं, डोकी, आतडी रोजच्या रोज भोपळ्याच्या आळ्यात पुरायची. वाफ्यांवर धानाचं तणस, म्हणजे पेंढा, अंथरायची, म्हणजे कार्तिकातल्या उन्हातही ओल टिकते. कडेनं झेंडू, कुंपणावर वाल, मधे वांगी आणि मेथी, आणि हंडा घासायच्या जागी सांडणाऱ्या पाण्यावर सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर. आणि वांग्यांवर मावा दिसला की पहाटे, पानांवर दव असताना, कापडातून चाळलेली चुलीची राख सुपात घेऊन ती झाडांवर झटकत जायची. दवामुळे राख पानाला चिकटते आणि किडा हटतो. तिच्या मागून घरोघरी हेच चालायचं. त्या गावात झाडावर काहीही टाकायचं म्हटलं की ते पहाटे, ओल्या पानावर, सुपानं. दुसरी रीत कोणाला माहीतच नव्हती.

तिच्या हातची वांगी मी दोन वर्षं खाल्ली. मापानं नाही, पोटभर. कमळा कधीमधी कुरकुरायची, "बाई, बाबूच्या ताटात जास्त पडून राह्यलं." मनकर्णाबाई तिला ऐकू जाईल असं म्हणायची, "माह्या वाडीतलं हाये, तुह्या बापाच्या बांधीतलं नाई." त्या घरात तिला एवढंच बोलायचा अधिकार होता आणि तो तिने वाडीच्या जोरावर कमावला होता.

सत्तावन्न साली वरून हुकूम आला. प्रत्येक ग्रामसेवकाने एका घरची भाजीची बाग निवडावी, तीत रासायनिक खताचं प्रात्यक्षिक करावं, आणि मार्गशीर्षात साहेब पाहणीला येतील. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. अशा पाहण्यांवरच माणूस कायम होतो की घरी जातो हे ठरायचं. मी शहाणपणा केला. गावात सगळ्यांत चांगली वाडी कोणती ते डोळ्यांपुढे होतं. ती आधीच चांगली आहे म्हटल्यावर खताचं श्रेय आपोआप मिळणार होतं. शालिकरामला विचारलं, त्याने एका पायावर हो म्हटलं. त्याचंही कारण होतं. मालगुजारी जाऊन तलाव सरकारकडे आला होता, आणि त्यातली मासेमारी गावच्या ढिवरांच्या सोसायटीला मिळावी म्हणून तो दोन वर्षं खेटे घालत होता. बाहेरचा एक ठेकेदारही मागे लागला होता. तलाव सोसायटीला द्यायचा का नाही, यावर त्याच साहेबाचा शब्द जाणार होता.

मनकर्णाबाईला आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

पोतं आलं, तेव्हा ती अंगणात वाल सोलत होती. मी मोठ्या उत्साहानं तोंड सोडून दाखवलं. अमोनियम सल्फेट, पांढरं, साखरेसारखं. तिने चिमूटभर घेतलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकली.

"हे तं खारं हाये, बाबू. खाऱ्यानं माती मरते."

"मीठ नाही हे, खत आहे. सरकारनं मोठमोठ्या लोकांकडून तपासून घेतलंय."

"त्या मोठ्या लोकायच्या वाडीत टाकलं काय?"

मला राग आला. मी म्हणालो, "बाई, तुम्ही एवढ्या जुन्या विचारांच्या राहिलात तर देश पुढं कसा जाणार?" ती वाल सोलत राहिली. मी शालिकरामला एका वाफ्याला किती शेर ते सांगितलं. कसं टाकायचं ते सांगितलं नाही. खताबरोबर एक छापील कागद होता, तोही धानाचा. त्यात शेवटून तिसरी ओळ होती: पाने ओली असताना खत टाकू नये. ती ओळ मी वाचली होती. पण खत टाकणं ही काय सांगायची गोष्ट आहे, हे लोक जन्मभर शेती करतात, असं मला वाटलं. अडाणी कोण होतं ते आता तुम्हीच बघा.

पोतं पडवीत पडून राहिलं. मनकर्णाबाई त्याला हात लावायला तयार नव्हती आणि तिच्या वाडीत तिच्यावाचून कोणी पाऊल टाकत नव्हतं. पाहणीला दहा दिवस उरले. मी शालिकरामला दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा म्हणालो, "साहेब आले आणि पोतं असंच दिसलं तर माझं जे व्हायचं ते होईल, पण तलावाचंही बघून घ्या." हे वाक्य मी बोललो. तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बहीण तलावावर पाण्याला गेली असताना, शालिकराम सूप घेऊन वाडीत शिरला. जन्मभर तो बहिणीला राख टाकताना पाहत आला होता. तसंच त्याने केलं. दवानं भिजलेल्या झाडांवर, वरून, सुपानं, पानन् पान पांढरं होईस्तोवर. एका वाफ्यावर नव्हे, सगळ्या वाडीवर. सरकारी वस्तू आहे, कमी पडायला नको, म्हणून हात सैल सोडला.

संध्याकाळपर्यंत पानं कडेनं काळवंडली. दुसऱ्या दिवशी वांगी, मिरच्या, भेदरं करपून खाली वळली. मेथी भाजल्यासारखी झाली. मनकर्णाबाईने विहिरीचं पाणी ओतून ओतून झाडं धुतली. तिच्या हातांची सालं निघाली. मी तिथे उभा होतो. तिने मला बादली दे म्हणून सांगितलं नाही, आणि मीही उचलली नाही.

दुपारी शालिकराम माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं आणि चक्क रडला. "मीनंच केलं जी. बाई राख टाकते तसंच टाकलं. तुमी तं सांगतलं नाई का असं टाकू नोका म्हणून. आता साहेबाले काय सांगू? तलाव हातचा जाते, बाबू. पन्नास घरायच्या पोटाचा प्रश्न हाये."

मी त्याला म्हणालो, "बघू." आणि मनातल्या मनात माझ्या कागदातली शेवटून तिसरी ओळ वाचली.

पाहणीच्या दिवशी जीप आली. साहेब वाडीच्या कुंपणाशी थांबले. बूट काढायला त्यांना कोणी सांगितलं नाही. जळालेली झाडं पाहून त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

मी शालिकरामकडे पाहिलं, शालिकराम जमिनीकडे पाहत होता. मग तो म्हणाला, "बाईनं जी. माही बहीण. अडाणी बाई हाये."

मनकर्णाबाई दारात उभी होती, डोक्यावरून पदर घेतलेला. तिला सगळं माहीत होतं. भावाच्या धोतराला चिकटलेलं खत तिनेच धुतलं होतं. तिने भावाकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. साहेबांनी मला सांगितलं की लेखी खुलासा पाठव, खाली त्या बाईची सही घे, आणि जीप गेली.

त्या रात्री तिने मला वाढताना स्वतःहून सांगितलं. "शालिक माह्या पाठचा. माय गेली तवा तीन वर्षाचा होता, मीनं वाढवला. तलावासाठी बोलला तो. माह्या नावावर जाते तं जाऊ दे. चुकलं म्हणून लिव, बाबू. चूक तं कोणाचीबी होते."

एवढंच लिहायचं होतं. चुकलं म्हणून. तिने ते आपल्या डोक्यावर घेतलं होतं, भाऊ वाचत होता, तलाव वाचत होता. पण चूक झाली असं लिहिलं की पुढचा प्रश्न येतो, चूक होईपर्यंत ग्रामसेवक काय करत होता? त्याने रीत सांगितली होती का? मी कंदील ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: "सदरहू बाईस खत वापरण्याची योग्य रीत प्रत्यक्ष करून दाखविली होती. तथापि सदरहू बाईचा प्रात्यक्षिकास प्रथमपासून विरोध असल्याने तिने द्वेषबुद्धीने व हेतुपुरस्सर उभी बाग नष्ट केली." प्रत्यक्ष करून दाखविली! द्वेषबुद्धीने! माझी भाषा चांगली होती. शाळेत निबंधाला मला बक्षीस होतं.

सकाळी शाईचा पॅड घेऊन मी तिच्यापुढे बसलो. तिने विचारलं, "काय लिवलं?"

"वाडीच्या पाहणीचा कागद आहे."

"चुकलं म्हणून लिवलं ना?"

मी म्हणालो, "हो."

तिने हात पुढे केला. अंगठ्याची साल अजून भरली नव्हती, म्हणून मी हळूच धरून टेकवला. तिला बरं वाटलं असावं. म्हणाली, "तुह्या हाताले गुण हाये, दुखलं नाई."

माघात सभा झाली. तलाव सोसायटीला मिळाल्याचं साहेबांनी जाहीर केलं, टाळ्या पडल्या, शालिकरामच्या गळ्यात हार पडला. मग विकासाच्या आड येणाऱ्या माणसांचं उदाहरण म्हणून त्यांनी माझा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. तिथल्या लोकांना 'हेतुपुरस्सर' कळलं नसावं, म्हणून साहेबांनी ते समजावूनही सांगितलं. जाणूनबुजून केलं. भावाचं बरं होऊ नये म्हणून केलं. आणि तिचा स्वतःचा अंगठा आहे याच्यावर.

बायका मागे बसल्या होत्या. मनकर्णाबाई त्यांच्यात नव्हती, विधवा म्हणून ती सभेलाही घरातच थांबली होती. तिच्यापर्यंत ते तुकड्यातुकड्यानं पोचलं. शालिकराम उठून एक वाक्य बोलू शकला असता. त्याच्या गळ्यात हार होता. मीही बोलू शकलो असतो. मी साहेबांच्या शेजारी, खुर्चीवर होतो.

त्यानंतर कोणी तिला वाकडं बोललं असं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं. पण आपल्या हातानं उभी वाडी जाळणारी बाई, हे त्या गावात कसं घेतलं जाईल ते मला समजायला हवं होतं. चुकून करपलेलं झाड त्यांनी माफ केलं असतं, प्रत्येकाकडून कधी ना कधी करपतं. जाणूनबुजून झाड मारलेल्या हाताला ते आपल्या मातीत शिरू देणार नव्हते.

पुढच्या नवरात्राच्या आधी मनकर्णाबाईने आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि दारात बसली. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. तिने कमळाला विचारलं, "यंदा रोपं उशिरा हायेत काय?" कमळा आत गेली. दुसऱ्या दिवशी शेजारची रुखमाबाई आपल्या वाडीत रोपं लावताना कुंपणावरून सरळ दिसत होती. दोन घरांची ओळख चाळीस वर्षांची, पण तिने मान वर केली नाही. मनकर्णाबाई तिसऱ्या दिवशीही बसली. चौथ्या दिवशी सकाळी ती नेहमीचं विटकं लुगडं नेसून शेण गोळा करायला गेली. आपल्या वाडीत तिने त्या वर्षी काही लावलं नाही. कमळाने तिथे तुरीच्या काड्या रचल्या, आणि त्या घरात भाजी कोणाच्या वाडीतली हा वाद कायमचा मिटला.

मी त्याच महिन्यात नोकरीत कायम झालो आणि बदलीचा हुकूम आला. ब्रह्मपुरीकडे जायचं होतं. निघायच्या दिवशी सामान बांधत होतो, तेव्हा ती खोलीच्या दाराशी आली. वीस दिवसांत आमचं बोलणं झालं नव्हतं.

"बाबू, त्या कागदात काय काय लिवलं होतं?"

मी पेटीला दोरी आवळत होतो.

"मले कोणी पुरं सांगत नाई. कोणी म्हणते असं होतं, कोणी म्हणते तसं होतं. तू पुरा वाचून दाखव. मी ऐकून घेतो. जे शालिकचं हाये ते मी माह्या डोक्यावर घेतलं, ते मी परत नाई करत. पण जे कोणाचंच नाई, ते मी जाऊन घरोघर सांगीन, का बाप्पा हे खोटं हाये. मले फक्त कोणतं ते सांग."

तिला तलाव नको होता, भावाची इज्जत नको होती, माझी नोकरीही नको होती. तिला एक वाक्य हवं होतं, ज्याला खोटं म्हणता येईल. त्या कागदाची नक्कल दोरी आवळलेल्या त्या पेटीतच होती.

मी म्हणालो, "मला आता आठवत नाही, बाई. वर्ष झालं."

ती म्हणाली, "आठवत नाई तं काय करशील," आणि माझी वळकटी उचलून सायकलपर्यंत आणून दिली.

नंतर मी त्या भागात अकरा वर्षं नोकरी केली. त्या गावावरून जीप अनेकदा गेली. ती वारल्याचं शालिकरामनेच एकदा बाजारात सांगितलं. तोपर्यंत मी उतरलो नाही, आणि त्यानंतर उतरायचं कारण राहिलं नाही.